क्विक म्हणजे जिवंत

मी हळू आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. मला कुणी काही विचारलं की मी आधी गप्प बसते. प्रश्न आत जातो, बसतो, पाणी पितो, मग उत्तर उठून बाहेर येतं. फोनवर तर माणसांना वाटतं की लाइन कटली. नातवंडं विचारतात, "आजी, नेटवर्क गेलं का?" हसू देत. मी इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, आणि याच वेगानं झाले.

हा वेग मला माहेरून आला. माझे वडील काटोलजवळच्या आमच्या गावात संत्र्याची कलमं बांधायचे. आमची स्वतःची बाग लहानशी होती, पण घर चालायचं ते कलमांवर. दूरदूरचे बागाईतदार बाबांच्या हातची कलमं न्यायला यायचे. कुणी काही विचारलं, भाव असो की रस्ता, बाबा हातातलं कलम पुरतं बांधायचे, गाठ मारायचे, चाकू पुसायचे आणि मग मान वर करून उत्तर द्यायचे. आमच्या घरात प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक कलम बांधून व्हायचं. विचारणाराही तोवर आरामात तंबाखू मळत उभा राहायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

कलम म्हणजे काय ते सांगते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. जंबेरी नावाचं एक काटेरी, आंबट लिंबाचं झाड असतं. फळ कुचकामी, पण मूळ दणकट. त्याच्या रोपाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची. मग चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून एक डोळा काढायचा. डोळा म्हणजे पानाच्या बेचक्यातली बारीकशी कोंब-गाठ. पान छाटून टाकायचं, पण पानाचा देठ ठेवायचा, म्हणजे धरायला मूठ होते. तो डोळा जंबेरीच्या सालीखाली सरकवायचा आणि केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालपटाच्या, ओल्या पट्टीनं बांधायचा. लहानपणी पुष्कळदा पट्टी मी गुंडाळायचे. मी डावखुरी, त्यामुळे माझे वेढे उलटे पडायचे. आई म्हणायची, सरळ गुंडाळ. बाबा म्हणायचे, राहू दे, झाडाले काय समजते उलटं का सुलटं.

आठवीला मला नागपूरला महालात मावशीकडे ठेवलं. भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खाली दिवसभर ठोकाठोक आणि सायकलरिक्षांच्या घंट्या. शाळा मुलींची, मराठी माध्यमाची, आणि इंग्रजीच्या बाई अशा की त्यांच्या हातातली लाकडी पट्टी आमच्यापेक्षा जास्त इंग्रजी बोलायची. बाई क्रियापदं विचारत ओळीनं फिरायच्या. समोर आल्या की पट्टी बाकावर आपटायची: "क्विक! क्विक!" माझ्या अलीकडची मुलगी फाडफाड बोलून बसायची. पलीकडची बोलायला तयारच असायची. मी उभी. मला उत्तर येत असायचं, पण ते आतून निघेपर्यंत बाई पुढच्या बाकाशी पोचलेल्या असायच्या. "यू आर नॉट क्विक," त्या म्हणायच्या. वर्गात माझं नावच पडलं, मालगाडी.

घरी मावशीनं एकदा विचारलं, "काहून वं, शाळेत बोलत काहून नाई? दातखीळ बसते का?" मी विचार करत होते. मावशी पोळी लाटून, भाजून, डब्यात ठेवून मोकळी झाली. मग मी म्हटलं, "मले वेळ लागते." मावशीनं कपाळावर हात मारला, पण हसलीही. तिच्या बहिणीचं घर तिला माहीत होतं.

सांगायचं हे की क्विक हा शब्द माझ्या वाट्याला शिवीसारखा आला. दुसऱ्या मुलींना तो शाबासकी म्हणून मिळायचा. मी मात्र चिडले, आणि चिडले म्हणूनच इंग्रजी घेतलं. लोक आवडीनं विषय घेतात, मी रागानं घेतला. बी.ए. झाले, एम.ए.ला बसले.

एम.ए.ला आम्हाला भाषेचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक म्हातारे होते. खडूची भुकटी कोटावर सांडलेली असायची. त्यांचं म्हणणं असं की शब्दाचा अर्थ विचारू नका, त्याचं गाव विचारा. एक दिवस त्यांनी फळ्यावर लिहिलं, क्विक. "सांगा, म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, वेगवान. मी बोलले नाही, माझा आणि त्या शब्दाचा हिशेब वेगळा होता.

सर म्हणाले, "ही त्याची आजची नोकरी. जन्म दुसरीकडचा." आणि त्यांनी सांगितलं की जुन्या इंग्रजीत क्विक म्हणजे जिवंत. फक्त जिवंत. वेगाचा काही संबंधच नाही. जुन्या लोकांच्या बोलण्यात 'क्विक आणि मेलेले' अशी जोडी यायची, म्हणजे जिवंत आणि मृत. जे जिवंत ते हलतं, जे हलतं ते चपळ, आणि चपळ ते वेगवान, असा तो शब्द शतकानुशतकं घसरत आला आणि शेवटी जुना अर्थ घरी विसरून बाहेर पडला. मग सरांनी फळ्यावर त्याच्याशेजारी देवनागरीत लिहिलं: जीव. म्हणाले, "हे दोघं चुलत भाऊ. एका मुळाचे. एक इकडे आला, एक तिकडे गेला."

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही.  ज्या शब्दानं मला चार वर्षं बाकावर उभं केलं, तो माझ्याच घरातला निघाला. मी त्याच दुपारी ग्रंथालयात गेले. तिथे एक मोठा शब्दकोश होता, इतका जड की तो उभ्यानंच वाचायचा, मेजावरून उचलायचा नाही. त्यात तो शब्द कुठेकुठे अजून जुन्या अर्थानं राहतो आहे ते सापडलं. पाऱ्याला इंग्रज जिवंत चांदी म्हणतात. कळीच्या चुन्याला जिवंत चुना म्हणतात, आणि त्यावर पाणी ओतल्यावर तो कसा खदखदतो ते दिवाळीच्या आधी भिंती रंगवताना आपण सगळ्यांनीच पाहिलेलं. नख खोल कापलं की त्याखालचं जे मांस दुखतं, ते क्विक. तारेऐवजी झाडं लावून केलेलं कुंपण, तेही क्विक. आणि पोटातलं मूल पहिल्यांदा हलतं त्यालाही त्याच शब्दाचं नाव आहे. हे मात्र सरांनी वर्गात सांगितलं नव्हतं. मुली होत्या ना समोर! मी ते वाचलं आणि एकटीच उभ्या उभ्या हसले. मालगाडी म्हणे! मला क्विक नाही म्हणणाऱ्या बाईंना तेव्हा माझी नाडी धरून पाहायला सांगायला हवं होतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांना सांगितलं. ते कलम बांधत होते. बांधून झालं, गाठ बसली, चाकू पुसला.

"म्हंजे त्या लोकायच्या इथंबी जीवच म्हनत होते तं," ते म्हणाले. "सोयरेच निघाले म्हना आपले." आणि त्यांना ते फार आवडलं. त्या आठवड्यात कलमं न्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ऐकवलं की इंग्रजांची बोली आपल्या बोलीची पाहुणी लागते, आमच्या पोरीनं शोधून काढलं. मी सांगायचे, मी नाही, आमच्या सरांनी. ते ऐकायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तसंच सांगायचे.

एम.ए. झाले. दुसरा वर्ग मिळाला, आणि आमच्या गावासाठी तो पहिल्यापेक्षा मोठा होता. पण मावशीकडे राहून शोधली तरी नोकरी लागेना. यवतमाळला आणि अमरावतीला मुलाखती दिल्या, दोन्हीकडे तेच झालं. साहेबांनी विचारलं, मी गप्प. त्यांना वाटलं, येत नाही. मी तोंड उघडेपर्यंत ते "ठीक आहे, या तुम्ही" म्हणून मोकळे.

मग त्या दिवाळीत मी गावी गेले असताना सोयरीक आली. मुलगा शिकलेला, स्वभावानं चांगला, घर मोठं बागाईतदार. त्यांचं एकच म्हणणं होतं की सून बाहेर नोकरी करणार नाही. वाईट लोक नव्हते. अट तोंडावर सांगितली, मागून नाही. त्याच सुमारास नागपुरातल्या एका मुलींच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाई लग्न होऊन मुंबईला गेल्या आणि जागा रिकामी झाली. मला बोलावणं आलं: वर्गावर एक तास शिकवून दाखवायचा, समिती मागे बसून पाहणार, निकाल त्याच दिवशी.

बाबांनी पाहुण्यांना शब्द दिला. मला जवळ बसवून सांगितलं, "हे पाह्य माय. ते नोकरी लागली तं मी त्यायले नाई म्हनून सांगतो. नाई लागली तं हो म्हनून सांगतो. मंग तू काई बोलाचं नाई, मी बी काई बोलाचं नाई."

मी विचार करून म्हटलं, "हाव."

ठरलं असं की मुलाखतीच्या दिवशी सकाळी ते गावाहून नागपूरला येतील आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातील. नोकरी नाही लागली तर मी त्यांच्यासोबत गावी, आणि पौषाआधी लग्न. मला राग आला नाही. बाबांचा शब्द पंचक्रोशीत चालायचा, तो माझ्यासाठी मोडावा असं मी कोण? पण मला शिकवायचं होतं, दुसरं काही नको होतं.

त्या दिवाळीतच आणखी एक गोष्ट घडली. तोवर मी पट्ट्या गुंडाळल्या होत्या, चाकू बाबांचा असायचा. एका सकाळी ते दाराशी बसले होते, आणि समोर पत्र्याच्या डब्यांत वाढवलेली जंबेरीची काही रोपं होती. त्यांनी चाकू माझ्यापुढे धरला. "तू भर डोया." मी पटकन घेतला. हो, पटकन. बोलण्यात मी मालगाडी असेन, पण डोळा कापल्यावर रेंगाळून चालतच नाही. कापलेला डोळा उघड्या हवेत क्षणात सुकायला लागतो, तो ओला आहे तोवरच सालीखाली गेला पाहिजे. मी कापला, सरकवला, बांधला. बाबांनी डबा उचलून सावलीत ठेवला.

डोळा धरला की नाही हे कळायला वीसेक दिवस जावे लागतात, आणि ते कळण्याची रीत फार सुंदर आहे. मघाशी मूठ म्हणून ठेवलेला जो देठ, त्याला बोट लावायचं. डोळा जिवंत असेल तर देठ अलगद गळून पडतो. मेला असेल तर देठ वाळून तिथेच चिकटून बसतो, ओढला तरी निघत नाही. जिवंत आहे तो सोडतो, मेलेला धरून ठेवतो. आमच्याकडे अशी पद्धत होती की त्या देठाला बाबा स्वतः कधी हात लावायचे नाहीत. जो कलम घेणार, त्यानंच लावायचा. गिऱ्हाईक वाकून बोट लावायचं, देठ पडला की त्या रोपाला चिंधी बांधायची, ते त्याचं. चिकटला तर कलम आमचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाबा म्हणायचे, बोट लावा अन् पाहा. ही परीक्षा एकदाच होते. देठ एकदा पडला की पडला.

मुलाखत त्यानंतर तीनेक आठवड्यांनी आली, आणि त्या दिवशी थंडी होती. मी मावशीचं इरकल नेसून कॉलेजच्या फाटकाशी उभी. बाबा आले, धोतर, टोपी, आणि कडेवर मूल घ्यावं तसा पत्र्याचा डबा, वरून ओलं पोतं. काटोलपासून गाडीत त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता, धक्क्यानं देठ पडू नये म्हणून.

"हे मोठ्या बाईले दे," म्हणजे प्राचार्यांना. "रिकाम्या हातानं जाऊ नाई. अन् देठाले त्यायलेच बोट लावू दे."

मला हसावं की रडावं कळेना. इंग्रजीच्या मुलाखतीला संत्र्याचं कलम! शहरातला कुणी बाप असं करणार नाही. पण तेवढ्यात शिपाई मला बोलवायला आला, डबा कुणाच्या हाती द्यायला सवड नव्हती, म्हणून तसाच वर्गात नेला आणि मेजावर ठेवला. बाबा व्हरांड्यातल्या बाकावर खिडकीशी बसले.

वर्ग भरलेला. मागच्या भिंतीशी प्राचार्याबाई आणि समितीचे दोन सभ्य गृहस्थ, त्यातल्या एकाच्या हातात घड्याळ काढून ठेवलेलं. विषय मी निवडला होता. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, क्विक, आणि सुरुवात केली. जिवंत माणसं आणि मेलेली माणसं, पारा, चुना, नखाखालचं मांस, कुंपण. पोटातलं मूलही सांगितलं, समोर मुलीच होत्या. त्या ऐकत होत्या. माझं इंग्रजी सावकाश चाललं होतं, पण चाललं होतं.

मग दुसऱ्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठली. इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, कासव जिवंत असतं. ते कुठे वेगवान असतं? जिवंत या शब्दाचा वेगवान कसा काय झाला?"

प्रश्न चांगला होता. इतका चांगला की मी गप्प बसले.

वर्ग वाट पाहत होता. मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. मागे कुणीतरी फिदकन हसलं. घड्याळवाल्या गृहस्थांनी घड्याळ उचललं आणि ठेवलं. मला कळत होतं की हे आता यवतमाळच्या, अमरावतीच्या मुलाखतींसारखंच होणार, आणि संध्याकाळची गाडी, आणि बाबांचा तो हो. तरी आतून उत्तर काही निघेना. नजर कुठेतरी टेकवायची म्हणून मी मेजाकडे पाहिलं आणि डब्यावरचं पोतं बाजूला केलं.

पट्टीचे वेढे उलटे होते.

त्या दिवाळीत माझ्या हातचं कलम एकच होतं, ते हेच. दाराशी बसून मी कापलेला, मी भरलेला, मी बांधलेला डोळा. देठ अजून जागेवर होता, म्हणजे त्याला कुणीही बोट लावलेलं नव्हतं. बाबांनीही नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात कच्चं कलम कुणाला दिलं नाही, त्यानं ते न तपासता, माझ्या हातावर विसंबून मांडीवर घेऊन आणलं होतं. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो माझा स्वतःचा होता की त्यांचा, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

मी डबा पुढे सरकवला आणि बोलले. म्हटलं, माझे वडील कलमं बांधतात. डोळा झाडापासून कापला की तो जिवंत असतो, पण फार वेळ नाही. म्हणून बांधणाऱ्याचा हात चपळ लागतो. मेलेल्या फांदीला काहीच घाई नसते, ती आज बांधा की पुढच्या वर्षी बांधा. घाई जिवंताचीच करावी लागते. कासवाचं म्हणाल तर त्याची पिलं अंड्यातून निघाली की पाण्याकडे कशी धावतात ते पाहा. मला वाटतं, माणसांनी जिवंत गोष्टींमागे धावता धावता त्या शब्दाला वेगवान करून टाकलं. कोशात हे असं लिहिलेलं नाही, हे माझं आहे.

मुलगी उभीच होती. "आणि हा डोळा जिवंत आहे?"

"मला माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं. "तू ये. देठाला बोट लाव." आणि जिवंत असेल तर काय होतं, मेला असेल तर काय, तेही सांगितलं. बाबांनी मोठ्या बाईंना म्हटलं होतं, पण विचारलं हिनं होतं.

ती आली. तिच्यामागे चारपाच जणी उठून आल्या. तिनं इतक्या भीत भीत बोट टेकवलं की देठ हललादेखील नाही. कुणीतरी म्हणालं, "गेला." हसणं पसरलं. मागे दुसऱ्या गृहस्थांनी घसा खाकरला. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर घाईनं डबा बाजूला घेतला असता. मी घेतला नाही. घाई मला येतच नाही, आणि त्या दिवशी त्यानंच मला वाचवलं. मी म्हटलं, "घाबरू नको. आपल्या माणसाच्या खांद्याला लावतेस तसं लाव."

तिनं लावलं. देठ मेजावर पडला.

आवाज कसला होणार एवढ्याशा देठाचा? पण पहिल्या तीन बाकांवरच्या मुलींनी एकदम श्वास घेतला तो मी ऐकला. जिथून तो पडला तिथे खालचा डोळा हिरवागार, मोहरीएवढा, फुगलेला. मुली वाकून पाहायला लागल्या. मागून प्राचार्याबाई उठून आल्या, चष्मा वर करून त्यांनीही पाहिला, आणि मग सावकाश आपल्या खुर्चीकडे गेल्या. मी खिडकीकडे पाहिलं. बाबा बाकावर नव्हते, गज धरून उभे होते. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर समजलं नव्हतं, पण देठ पडलेला त्यांना दिसला होता. त्यांच्या ओठांवर असं हसू होतं, जसं बागेत पहिला बहर दिसल्यावर असायचं.

नंतर कचेरीत बोलावलं. बाबा दाराच्या चौकटीशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. घड्याळवाले गृहस्थ म्हणाले, उच्चार थोडे गावाकडचे आहेत, वेगही कमी आहे. ते खोटं नव्हतं, मी मान डोलावली. दुसरे म्हणाले, पण एकाही मुलीचं लक्ष शेवटपर्यंत हललं नाही. प्राचार्याबाईंनी दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"या वर्षापुरती जागा आहे. काम पाहून पुढे कायम करू. सोमवारपासून याल?"

मी, सवयीप्रमाणे, गप्प.

"येते ना! येते!" दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यात गाठ मारल्याशिवाय कुणाला उत्तर दिलं नाही, तो माझ्या आधी बोलून बसला होता, आणि स्वतःच लाजला होता. प्राचार्याबाई हसल्या. घड्याळवालेही हसले. आणि मी त्या दिवशी बापाची लेक म्हणून अशी ताठ उभी राहिले की मावशीचं इरकल आपोआप नीट बसलं.

कलम प्राचार्याबाईंच्या स्वाधीन करून संध्याकाळी बाबांना सोडायला मी बसस्थानकावर गेले. वाटेत ते पाहुण्यांविषयी एवढंच म्हणाले, "मी सोता जाऊन सांगतो. निरोप धाडनं बरं नाई दिसत." मला माहीत होतं की त्यांना ते जड जाणार. तशी सोयरीक पुन्हा येत नाही, आणि गावात दोन माणसं दोन गोष्टी बोलणार. 

काटोलची गाडी लागली. ते खिडकीशी बसले, मी खाली फलाटावर खिडकीखाली उभी. गाडी भरली. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला आणि त्यानं आधी मला, मग त्यांना पाहिलं. सकाळी हाच गाडीवर असावा आणि बाबा त्याच्याशी बोलले असावेत, कारण म्हणाला, "काय बाबाजी, पोरीले न्याले आल्ते नं? दोन देऊ?"

"एक," बाबा म्हणाले.

"पोरगी येऊन नाई राहिली?"

"नाई. ते इथंच राहते. कालेजात मास्तरीन हाये. इंग्रजी शिकवते."

हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की मागच्या बाकावरचा एक म्हातारा पुढे वाकून खिडकीतून मला पाहायला लागला. कंडक्टरनंही पाहिलं. बाबांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांनी ताठ मानेनं समोर बघत ते एकच तिकीट टोपीच्या घडीत खोचलं. गाडी हलली. मला रडू येत होतं, आणि मी ते येऊ दिलं.